भोंग्यावरचा दम

आमच्याकडे टीव्हीवर क्रिकेट लागलं की मुलगा आणि त्याचे मित्र खेळ कमी बघतात आणि बोलणाऱ्यांची थट्टा जास्त करतात. ते बोलणारे सगळे जुने खेळाडू. एकाला मधूनमधून स्वतःची जुनी खेळी आठवते. दुसरा, कुणी झेल सोडला की असा कण्हतो, जणू चेंडू त्याच्याच हातातून निसटला. तिसरा नव्या पोरांचं कौतुक सुरू करतो आणि शेवटी त्यात 'पण' घालतोच. मुलं म्हणतात, हे लोक नुसता खेळ का सांगत नाहीत. मी तेव्हा बहुतेक पोळ्या लाटत असते. मला क्रिकेट कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण त्या माणसांना मी हसत नाही, कारण त्यांच्यातला एक माणूस मी घरात पाहिला आहे. त्याच्या वेळी टीव्ही नव्हता. एक माईक होता, तोही सगळा मिळून दोनच दिवस मिळाला.

तो माणूस म्हणजे माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ. गाव केशोरीच्या बाजूचं, धानाचं. आता गोंदिया वेगळा जिल्हा झाला. मी शाळेत होते तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात मोडायचो. दिवाळी झाली, हलकं धान कापून झालं की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाहुणे, रात्री नाटक. आमच्या मंडईत दिवसा हुतूतूचे सामने व्हायचे. कबड्डी हे नाव शाळेतल्या मास्तरांच्या तोंडी नुकतंच आलं होतं, गाव मात्र हुतूतूच म्हणायचं.

काका त्या खेळात पंचक्रोशीत गाजलेला होता. मी तो खेळ पाहिलेला नाही, मी लहान होते. ऐकलं ते असं की तो चढाईला डावा पाय आधी टाकायचा, त्यामुळे समोरच्यांचा अंदाज चुकायचा, आणि त्याचा दम संपतच नसे. मधली रेघ ओलांडल्यापासून परत येईपर्यंत एका श्वासात 'हुतूतू' म्हणत राहायचं, श्वास तुटला की मेला, एवढा सरळ हिशेब. दुसऱ्या गावच्या मंडईत चार जणांनी त्याला एकदम धरलं आणि तो रेघेकडे ओढत असताना गुडघा फिरला. हाड बसवणाऱ्याने बसवलं, पण पाय पुन्हा पुरता वाकला नाही. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत, चिखलात वाकून उभं राहणं त्याला जमेना. तो बांधावरून पेंढ्या फेकायचा, पाणी बघायचा, बैलांचं बघायचं काम त्याच्याकडे होतं. तक्रार म्हणून कधी केली नाही. फक्त हुतूतूचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचा.

काकूची गोष्ट वेगळी होती. तिच्या बापाने कुठल्याशा मंडईत काकाचा खेळ पाहिला आणि तिथल्या तिथे ठरवलं की पोरगी या घरी द्यायची. साखरपुडा झाला, मग पाय मोडला, मग लग्न झालं. सोयरीक मोडा म्हणून सांगायला आलेली माणसंही होती, पण तिच्या बापाने शब्द फिरवला नाही. म्हणजे ज्या खेळापायी ती या घरात आली तो खेळ तिने कधी बघितलाच नाही. आणि पाय धड असता तरी तिला तो दिसला नसता. बायका मंडईत जात, दुकानात बांगड्या भरत, रात्री नाटकाला खाचरात, म्हणजे बैलगाडीत, बसून जात. पण हुतूतूच्या पटाकडे, म्हणजे खेळाच्या मैदानाकडे, आमच्या घरची बाई जात नसे. उघडी माणसं, लंगोट कसलेली, एकमेकांच्या अंगावर पडणारी. ते बघणं बरं दिसत नाही असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते माहीत नाही.

मग एका वर्षी मंडईला लाऊडस्पीकर आला. गोंदियाचा एक माणूस ते सामान भाड्याने द्यायचा. रेल्वेच्या छोट्या गाडीने अर्जुनीपर्यंत आणि तिथून आमच्या खाचराने त्याने दोन भोंगे, बॅटरी, गाण्यांच्या तबकड्या आणि माईक आणला. एक भोंगा पटाच्या कडेला बांबूवर बांधला. दुसरा चिंचेवर चढवून गावाकडे तोंड करून बांधला, घरातल्या माणसांनी ऐकून मंडईत यावं म्हणून. पाटील मंडई कमिटीचे अध्यक्ष होते. त्यांनी विचार केला की सामन्याचं बोलायला खेळ जाणणारा माणूस पाहिजे, आणि ते आमच्या घरी आले. काका नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो म्हणाला, "कोणती येळ?"

त्या पहिल्या वर्षी मी घरी होते. धाकटा भाऊ अजून मांडीवरच होता, त्याला सांभाळायला मला ठेवलं होतं. आई आणि काकू पाहुण्यांसाठी वडे तळत होत्या. चिंचेवरचा भोंगा खरखरला आणि काकाचा आवाज अंगणात आला. आईच्या हातातला झारा तसाच राहिला. घरात दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस साऱ्या गावाच्या डोक्यावरून बोलत होता.

बोलत होता म्हणजे काय, भांडत होता. आमच्या गावच्या पोराने हात उगाच लांब टाकला की भोंग्यावरून, "असा हात टाकतेत का गा? भीक मागून राहिला का?" समोरच्या गावाच्या गड्याने चांगली पकड केली तर, "पकड बरी आहे, पण आमच्या येळेस असा पाय सापडत नोहोता." मग आमच्या येळेसचा एक सबंध सामना. तोवर इकडे दोन गडी मेलेले असायचे, त्यांचं नाव नाही. गुण किती झाले हे तो कधीच सांगेना. लाऊडस्पीकरवाला शेजारून "भैया, स्कोर बोलो, स्कोर" म्हणायचा, तेही भोंग्यावर ऐकू यायचं.

आणि चढाई सुरू झाली की सगळंच बंद. गडी रेघेकडे निघाला इतकं काका सांगायचा. रेघ ओलांडली की त्याची गोष्ट थांबायची आणि भोंग्यातून नुसतं हुतूतू हुतूतू हुतूतू येत राहायचं. आत काय चाललंय, कोण कुठे पळतोय, काही नाही. आधी हलकं, मग घाईचं, मग दाबून धरलेलं, तळाशी गेलेलं, आणि शेवटी एकदम मोकळा श्वास. गडी परत आला. किंवा मेला, ते श्वासावरून कळत नसे.

आईला हसू आवरेना. "भाऊजी तं स्वतःच खेळून राहिले," ती म्हणाली.

काकू हसली नाही. ती चुलीपासून उठली होती आणि अंगणाच्या मध्यभागी, भोंग्याकडे तोंड करून उभी होती. हाताला पीठ तसंच. काकाचा दम वर चढायचा तेव्हा तिचाही श्वास अडकायचा. मी जवळच होते, मला दिसत होतं. चढाई संपली की ती चुलीपाशी येऊन वडे उलटायची आणि पुढची चढाई लागली की पुन्हा अंगणात. त्या दिवशीचे वडे बरेच करपले. आईने ते बाजूला काढले.

मंडई संपल्यावर तक्रारी आल्या. लांब बसलेल्यांचं म्हणणं होतं की आम्हाला खेळ दिसत नाही म्हणून तर भोंगा आहे, आणि भोंगा ऐन वेळी हुतूतू करतो. समोरच्या गावाचं म्हणणं होतं की तुमचा माणूस माईकवरून तुमच्या पोरांना शिकवतो, 'पाय सोडू नोको' म्हणतो, हे बरोबर नाही. पाटील पुढल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पुन्हा घरी आले. ओसरीवर बसले, पान खाल्लं आणि सरळ बोलले. या वर्षी माईक तुझ्याकडेच ठेवतो. जे दिसते ते सांग, गुण सांग, आपली बाजू घेऊ नोको, आणि तोंडानं दम घेऊ नोको. पुन्हा तसं झालं तर पुढच्या वर्षापासून तो गोंदियावालाच बोलेल. त्याला बोलता येतं, हिंदी येतं, सिनेमाच्या गाड्यांवर ओरडलेला माणूस आहे.

काकाने मान हलवली. पाटील गेल्यावर तो बराच वेळ तिथेच बसून राहिला. माईक गेला तर त्याला पटाजवळ बसायला दुसरं काही कारण उरणार नव्हतं. हे आम्हा मुलांनाही कळत होतं, कारण त्या वर्षभरात तो हुतूतूच्या गोष्टी निघाल्या की उठून गोठ्यात गेला नव्हता. उलट बसून दोन शब्द बोलायचा.

मग तालीम सुरू झाली. संध्याकाळी खळ्यावर आम्ही भावंडं आणि शेजारची पोरं जमायचो. काका राखेने रेघ मारायचा, आम्हाला दोन बाजूंना उभं करायचा आणि स्वतः धानाच्या ढिगाशेजारी लाकडी पाटावर बसून आमच्या खेळाचं वर्णन करायचा. हातात माईक म्हणून मुसळाचा तुकडा. मी चढाईला गेले की सुरुवात छान व्हायची: "पोरगी निघाली, उजवीकडून चालली, समोर तिघं उभे आहेत..." आणि मी रेघ ओलांडली की मागून आवाज यायचा, हुतूतू हुतूतू. मी माझंही म्हणत असायचे, तोही म्हणत असायचा. पोरं हसून लोळायची. काका थांबायचा, तोंड पुसायचा आणि म्हणायचा, पुन्हा.

घरातल्या सगळ्यांनी उपाय सुचवले. बाबा म्हणाले, चढाईच्या वेळी डोळे मीट. मिटले तर दम आणखी जोरात निघाला. मी म्हटलं, जीभ चावून धर. आईने मूठभर मुरमुरे दिले, चढाई लागली की तोंडात टाकायचे म्हणजे तोंड रिकामं राहणार नाही. काकाने खरंच टाकले. पहिल्याच चढाईला मुरमुरे खळ्यावर उडाले आणि कोंबड्या धावल्या.

"भाऊजी, तुमचं तोंड कायले बंद होत नाही?" आई हसून हसून दमली होती.

"रेघ दिसली का बंद होत नाही वयनी," काका म्हणाला. तो हसत नव्हता.

काकूने एकही उपाय सुचवला नाही. ती दारात उभी राहून बघायची आणि आत जायची. एकदा मी तिला विचारलं की काकाला कसं सुधारायचं. ती म्हणाली, "सुधरवता कायले? चांगलं तं म्हणते." मला तेव्हा वाटलं, पणाला काय लागलंय ते हिला समजलेलंच नाही. आता वाटतं, माईक गेला तर काय जाईल हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण दम सोडून नुसतं बोलणारा काका तिला नको होता. दोन्ही एका वेळी मिळणार नाही हेही तिला कळत असावं.

हळूहळू काकाला जमायला लागलं. त्याने शोधून काढलेली युक्ती अशी की गड्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही, पायांकडे बघायचं. पाय सांगत राहायचं. डावा, उजवा, मागे, वळला. मंडईच्या आधीच्या आठवड्यात तो चार-पाच चढाया न चुकता बोलून जाऊ लागला. बाबांनी पाठीवर थाप मारली. पाटलांना निरोप गेला की काम होईल.

त्या वर्षी मी पटावर होते; लहान पोरींना कुणी अडवत नसे. भाऊ चालायला लागला होता, त्याला कडेवर घेऊन मी पोरांच्या घोळक्यात पुढे बसले, काकाच्या टेबलाच्या जवळच. माईकसमोर बसायच्या आधी काकाने वाकून जमिनीला हात लावला आणि कपाळाला लावला, खेळाडू पटावर उतरताना लावतात तसा. हाताला माती चोळली. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "भैया, मिट्टी माइक पे मत लगाना." काकाने हात धोतराला पुसले.

दिवसभर तो फार चांगला बोलला. पायांकडे बघत बोलला. गुण सांगितले, दोन्ही गावांची नावं घेतली, समोरच्या गावच्या एका गड्याला शाबास सुद्धा म्हणाला, पुढे 'पण' न लावता. फक्त पकड झाली की त्याचा आखडलेला पाय टेबलाखाली सरळ व्हायचा आणि टेबल हलायचं, पण ते भोंग्यावर कळत नव्हतं. पाटील दोनदा येऊन मान हलवून गेले. लांबचे लोक खूश होते. मला मात्र मधूनमधून वाटत होतं की घरी काकू अंगणात उभी असेल आणि तिला आज काहीच मिळत नसेल.

शेवटचा सामना आमचा आणि पलीकडच्या गावाचा. ऊन उतरलं होतं. गुण बरोबरीत येऊन थांबले आणि आमच्या गावाची शेवटची चढाई राहिली. चढाईला आला तो पोरगा काकाने शिकवलेला होता. दुपारच्या वेळी बांधावर बसून काका त्याला सांगायचा, डावा पाय आधी टाक. पोरगा रेघेजवळ आला, त्याने मातीला हात लावला आणि डावा पाय आत टाकला.

काका बोलत होता. "निघाला. डावा पाय पुढं. उजव्या कोपऱ्यात दोघं आहेत, तो डावीकडं..." आणि बोलणं थांबलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो आता पायांकडे बघत नव्हता. माईकचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता, पुढे झुकला होता, आणि त्याच्या तोंडातून दम सुरू झाला होता. हुतूतू हुतूतू हुतूतू. पटाच्या कडेचा भोंगा, चिंचेवरचा भोंगा, दोन्हींतून एकच आवाज. सगळं मैदान त्या आवाजाखाली गेलं. पोरगा एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला, वळला, आणि तिघांनी त्याला कमरेत धरलं. तो रेघेकडे ओढत राहिला. फार वेळ ओढत राहिला. माती उडत होती, कुणाचं डोकं कुठे ते कळत नव्हतं, आणि भोंग्यावर दम चालूच होता, खोल खोल जात होता. पोराचं बोट रेघेला लागलं. काकाने श्वास सोडला.

आमच्या गावाने आरोळी ठोकली. पण समोरचा कप्तान उठून पंचाकडे गेला. पंच म्हणजे तिसऱ्याच एका गावच्या शाळेचे मास्तर. कप्तानाचं म्हणणं असं की पोराचा दम धरल्याबरोबर तुटला, तो तोंड मिटून ओढत होता. आवाज येत होता तो भोंग्याचा. आमच्या गड्यांचं म्हणणं की दम शेवटपर्यंत होता. पंचांनी पोराला विचारलं. पोरगा अर्थात म्हणाला की होता. आम्ही सगळे होता, होता म्हणून ओरडलो. पंच कंटाळून म्हणाले की हुतूतू मीही ऐकलं, पण ते याच्या तोंडातून आलं की त्याच्या, हे मला सांगता येत नाही. लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, दोघांनाही गुण द्या.

मग मास्तर टेबलाजवळ आले. ते म्हणाले, तुम्ही जुने खेळाडू आहात, याचा दम तुम्ही ओळखता. तुमच्या गावचे असलात तरी तुमच्या शब्दावर निकाल देतो. याचा दम होता की तुटला?

पाटील मागे उभे होते. गडी सगळे गोळा झाले होते. काकाने 'होता' एवढं म्हटलं असतं तर सामना आमचा होता, आणि जिंकलेल्या गावाने त्याच दिवशी त्याचा माईक कुणाला काढू दिला नसता. माईक चालूच होता, त्यामुळे तो जे बोलला ते दोन्ही भोंग्यांवर गेलं.

"मले माहीत नाही मास्तर. मी त्याचा आयकतच नोहोतो. मी माझाच घेऊन राहिलतो."

समोरच्या गावचे लोक हसायला लागले, मग आमचेही काही हसले. पंचांनी ठरवलं की चढाई पुन्हा होईल आणि भोंगा बंद राहील. लाऊडस्पीकरवाल्याने तार काढली. दमलेला पोरगा पुन्हा आत गेला. भोंग्याशिवाय त्याचा दम आम्हाला ऐकू आला, बारीक, तुटक. त्याला पहिल्याच पकडीत धरलं आणि तो रेघेपासून बराच लांब मेला.

पाटलांनी काकाच्या समोरचा माईक उचलून लाऊडस्पीकरवाल्याच्या हातात दिला. रागावून नाही, कापणी झाल्यावर विळा भिंतीला टांगतात तसा. त्याने तार जोडली आणि मैदान रिकामं होतंय म्हणून एक तबकडी लावून दिली.

घरी त्या तबकडीने घोटाळा केला. काकाचं 'मले माहीत नाही' अंगणात पोचलं होतं, त्यामागोमाग भोंगा गप्प झाला होता आणि मग एकदम गाणं लागलं. आईने ठरवलं की आपण जिंकलो. मी भावाला कडेवर घेऊन पोचले तर ती पाहुण्यांच्या ताटलीत अनारसे काढून बसली होती. मी सांगितलं, हरलो. काय झालं तेही सांगितलं. आईने अनारसे परत डब्यात ठेवले नाहीत, ती म्हणाली, पाहुणे तं आलेच आहेत.

काकूने मला बाजूला ओढलं. तिला हार-जीत नको होती. "शेवटचा दम लई लांब होता," ती म्हणाली. "इतका लांब मागच्या वर्षी एकही नोहोता." मी म्हटलं, त्याच्यामुळेच हरलो. ती म्हणाली, हो, समजलं मले.

काका दिवे लागल्यावर आला. बाबांनी त्याला ओसरीवरच धरलं. बाबा त्याच्यावर सहसा आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी चढवला. नुसतं 'होता' म्हणायले काय जात होतं तुझं? सारं गाव म्हणून राहिलतं. तू एकटाच काऊन हरिश्चंद्र झालास?

"म्हटलं असतं भाऊ," काका म्हणाला. "तुटला असता तं तेही म्हटलं असतं. पण मले खरंच माहीत नोहोतं. तो कुठं होता तेच मले दिसून नोहोतं राहिलं. मले धरलं होतं ना."

बाबांनी त्याला धरून खाटेवर बसवलं आणि आईला पाणी आणायला सांगितलं. काकाने सबंध तांब्या एका दमात रिकामा केला, खेळून आलेला माणूस करतो तसा.

पुढच्या वर्षी मंडईला गोंदियावाला बोलला. पाटलांनी म्हटल्याप्रमाणेच झालं, आणि खरं सांगायचं तर तो काकापेक्षा पुष्कळ चांगला बोलला. श्वास घ्यायलाही थांबायचा नाही. ये आए, वो गए, एक पकडा, दूसरा छूटा, भाइयों और बहनों. गुण दर चढाईला सांगितले. लांबचे लोक खूश होते. खेळाची त्याला काही माहिती नव्हती आणि त्याने काही बिघडलं नाही. घरात आई म्हणाली की आता निदान कळते तरी काय होऊन राहिलं. काकू चुलीजवळच बसून होती. भोंग्यावर चढाई लागली तरी तिने मान वर केली नाही. दुपारपर्यंत तिने एकही वडा करपू दिला नाही.

दुपारनंतर ती उठली, हात धुतले, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि आईला म्हणाली, "जाऊबाई, मी पटावर जातो."

आई दचकली. लोक काय म्हणतील, मामाजी, म्हणजे आमचे आजोबा, काय म्हणतील, तिथे माणसं कशी असतात. काकूने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "आयकू येत नाही आता. म्हून पाहाले जातो." आईने मला सोबत पाठवलं, आणि रस्त्याने जाताना कुणी विचारलं तर बांगड्या घ्यायला निघालो म्हणून सांग, असं बजावलं. कुणी विचारलं नाही.

आम्ही मैदानाच्या टोकाला सोडलेल्या खाचरांच्या मागे उभ्या राहिलो. दोन बैल बांधलेले होते, त्यांच्यामधून पट दिसत होता. मी काकूला बोट दाखवून रेघ दाखवली, आपला संघ दाखवला, डावा पाय आधी टाकणारा तो पोरगा दाखवला. ती हो हो म्हणत होती, पण बघत नव्हती. तिने काकाला शोधून काढलं होतं. तो टेबलापासून लांब, पुरुषांच्या गर्दीत अगदी पुढच्या रांगेत जमिनीवर बसला होता. आखडलेला पाय पुढे काढून. कुणाशी बोलत नव्हता. चढाई लागली की त्याची पाठ ताठ व्हायची आणि ओठ हलायला लागायचे. आवाज नव्हता; असला तरी भोंग्याच्या बडबडीत आमच्यापर्यंत आला नसता. शेजारच्या माणसाने एकदा त्याच्याकडे वळून बघितलं आणि थोडा बाजूला सरकला.

काकू खाचराच्या चाकाला धरून उभी होती. प्रत्येक चढाईला ती त्याच्या ओठांकडे बघायची आणि ओठ थांबले की चाकावरचा हात सैल सोडायची. मला बांगड्यांच्या दुकानाकडे जायचं होतं, मी दोन-तीनदा तिला ओढलं. ती म्हणाली, थांब, अजून एक. मग आणखी एक. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच उभ्या होतो, मग सामना संपताच, गर्दी उठायच्या आधी मागच्या वाटेने परत निघालो.

घरी आल्यावर आईने पहिलं विचारलं की कोण जिंकलं; पाहुण्यांच्या गडबडीत तिचं भोंग्याकडे लक्ष राहिलं नव्हतं. काकू पदर खोचून चुलीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं, आपण जिंकलो, पाच गुणांनी. काकू म्हणाली, हो का, आणि कढईत तेल ओतलं.